पडल्यानंतर पुन्हा घोड्यावर बसताना आणि बदलीचा घोडा तयार ठेवताना

घोड्यावरून कोणी पडले की भोवतालची माणसे हमखास सांगतात, "लगेच पुन्हा बस, नाहीतर भीती मनात घर करेल." या सल्ल्यात तथ्य आहे, पण त्यातला "लगेच" हा शब्द धोक्याचा आहे. डोक्याला मार लागला आहे का हे न पाहता, सैल झालेला तंग (खोगीर पोटाखालून बांधणारा पट्टा) न तपासता आणि बिथरलेल्या घोड्याला शांत होऊ न देता ज्याला वर चढवले जाते, तो स्वार बऱ्याचदा काही मिनिटांतच दुसऱ्यांदा खाली येतो, आणि जी भीती टाळायची होती तीच पक्की होते.

हा लेख दोन प्रकारच्या नवख्यांसाठी आहे. एक म्हणजे पडल्यामुळे किंवा बऱ्याच वर्षांच्या खंडामुळे घोड्यापासून दुरावलेला आणि आता पुन्हा मांड टाकू इच्छिणारा स्वार. दुसरा म्हणजे लांबच्या रपेटीत, स्पर्धेत किंवा प्रशिक्षणात दमलेल्या घोड्याच्या जागी ताजा घोडा तयार ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर नव्याने आली आहे असा मदतनीस. ही दोन कामे वेगळी दिसत असली तरी मी ती मुद्दाम एकत्र घेतली आहेत, कारण स्वाराचे पुन्हा बसणे यशस्वी होते की नाही हे मुख्यतः त्याच्यासमोर कोणता घोडा आणि कोणत्या अवस्थेत आणून उभा केला यावर ठरते.

पडल्यानंतरची पहिली काही मिनिटे

पडल्याबरोबर उठू नये. नियम साधा असला तरी तो क्वचितच पाळला जातो, कारण पडणाऱ्याला वेदनेच्याही आधी संकोच वाटतो आणि आपल्याला काही झालेले नाही हे दाखवण्यासाठी तो धडपडत उभा राहतो. आपण घोड्याच्या पायांपासून दूर आहोत याची खात्री झाली की जागेवरच पडून दहा सावकाश श्वास घ्यावेत, मग हातापायांची बोटे हलवून पाहावीत, आणि सगळे ठीक वाटले तरच आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर आणि शेवटी पायांवर उभे राहावे. मान किंवा पाठीचा कणा दुखत असेल, हातापायांत मुंग्या येत असतील किंवा एखादा अवयव हलत नसेल, तर हालचाल पूर्णपणे थांबवून वैद्यकीय मदत येईपर्यंत तसेच पडून राहावे. मदतीला धावलेल्यांनी अशा माणसाला उचलून बसवू नये, आणि त्याच्या श्वासात अडथळा येत नसेल तर डोक्यावरचे हेल्मेटही ओढून काढू नये.

डोक्याला बसलेला मार ओळखणे हे सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही. एका सकाळी आमच्या गटातली एक अनुभवी स्वार पडली, स्वतःहून उठली, हसली, कपड्यांवरची माती झटकली आणि घोडा मागू लागली. घोडा आणायला मी वळणार तोच तिने विचारले, "मी कोणत्या बाजूने पडले?" मी सांगितले. तिने मान डोलावली, लगाम हातात घेतला आणि पुन्हा तितक्याच सहजपणे विचारले, "मी कोणत्या बाजूने पडले?" तिच्या आवाजात, चेहऱ्यावर किंवा चालण्यात काहीही वेगळे नव्हते, फक्त दोन मिनिटांपूर्वीचे उत्तर तिच्यापाशी शिल्लक राहिलेले नव्हते. त्या दिवशी तिला घोड्याजवळ जाऊ दिले नाही आणि थेट डॉक्टरांकडे नेले. तेव्हापासून मी पडलेल्या प्रत्येक स्वाराला तीन प्रश्न विचारतो: आपण आता कुठे आहोत, पडण्याआधी काय करत होतो, आणि घोड्याचे नाव काय. दहा मिनिटांनी तेच प्रश्न मी पुन्हा विचारतो.

डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, गरगरणे, अंधुक दिसणे, प्रकाश सहन न होणे, बोलणे अडखळणे, असाधारण झोप येणे, क्षणभर का होईना शुद्ध हरपणे किंवा पडण्याचा प्रसंगच न आठवणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्या दिवशीची घोडेस्वारी संपली असे समजावे, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा बसू नये. मेंदूला बसलेला पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला, तर इजा कितीतरी पटींनी गंभीर होऊ शकते. लक्षणे काही तासांनीही उमटू शकतात, म्हणून पडलेल्या माणसाने तो दिवस आणि रात्र एकट्याने काढू नये, आणि स्वतः वाहन चालवत घरी जाऊ नये. खरचटले असेल तर जखम धुऊन धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवावे. घोड्यांच्या लिदेत आणि तबेल्याच्या मातीत या रोगाचे जंतू असतात.

हेल्मेट जमिनीवर आपटले असेल तर ते बदलावे, बाहेरून चरा नसला तरीही. आतला फेसासारखा थर आघात सोसताना दबतो, आणि एकदा दबलेला थर दुसऱ्या आघाताच्या वेळी तितकेच संरक्षण देत नाही.

घोड्याकडे पाहणे

स्वाराकडे एक जण लक्ष देत असताना दुसऱ्याने घोडा धरावा, आणि त्यासाठी त्याच्यामागे धावू नये. पाठलाग झाला की घोडा पळतो, ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे. बाकीच्या स्वारांनी आपापले घोडे थांबवले की सुटलेला घोडा बहुतेक वेळा कळपाकडे परततो. तेव्हा तिरक्या दिशेने, त्याच्या खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत जवळ जावे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे त्याच्या दृष्टीचे आंधळे पट्टे असतात, आणि त्या पट्ट्यांतून गेलेला माणूस त्याला अचानक उगवल्यासारखा भासतो.

घोडा हाती आला की त्याच्या चारही पायांवरून हात फिरवावा, सूज, ऊब किंवा रक्त आहे का पाहावे, नाल सैल झाली आहे का आणि खुरात खडा अडकला आहे का हे तपासावे. नंतर त्याला कठीण, सपाट जमिनीवर दोर सैल सोडून दुडकीत (चालण्यापेक्षा वेगवान, ठेक्याच्या चालीत) पळवावे. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. ही मानेची हालचाल एकदा ओळखता आली की पुढे कधी चुकत नाही. यानंतर खोगीर, तंग, रिकिबीचे (पाय ठेवायच्या कडीचे) पट्टे आणि लगाम यांची शिवण न् शिवण पाहावी. स्वार पडतो तेव्हा त्याचे वजन बऱ्याचदा एका रिकिबीवर किंवा लगामावर येते, आणि अर्धवट तुटलेला पट्टा पुढच्या धक्क्याला पूर्ण तुटतो.

स्वार का पडला याचे उत्तरही याच वेळी शोधावे. खोगीर घसरले, घोड्याच्या पाठीला दुखले, तो कशाला तरी बुजला, की स्वाराचा तोल गेला, यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. खोगीरामुळे दुखावलेल्या घोड्यावर तेच खोगीर ठेवून त्याच स्वाराला पुन्हा बसवणे हा घोड्यावर उघड अन्याय आहे.

त्याच दिवशी बसावे का?

स्वाराला इजा नाही, घोडा चालायला चोख आहे, सामान शाबूत आहे आणि पडण्याचे कारण कळले आहे, या चारही गोष्टी जुळल्या तर त्याच दिवशी पुन्हा बसणे खरोखर हिताचे असते. मात्र ते बसणे छोटे असावे. ज्या उडीवर किंवा ज्या वेगात पडलात तिथे परत जाण्याचा हट्ट धरू नये; दहा मिनिटे नुसते चालणे, दोन-चार वळणे, चार वेळा थांबणे आणि सावकाश उतरणे एवढे पुरेसे आहे. ते शेवटचे उतरणे महत्त्वाचे असते, कारण त्या दिवसाची आठवण मग पडण्यावर न थांबता स्वतःच्या इच्छेने उतरण्यावर थांबते.

बसण्याची इच्छाच नसेल तर जबरदस्ती करू नये. भ्यालेल्या माणसाचे शरीर आवळते, मांड्या घट्ट होतात, श्वास अडतो आणि हात लगाम खेचू लागतात, आणि ही प्रत्येक गोष्ट घोड्याला कळते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात माणसांना सांगण्यात आले होते की ठरलेल्या अंतरावर चौथ्या फेरीत घोड्यासमोर एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या घोड्यांचेही वाढले. म्हणून ज्याला त्या दिवशी बसवत नाही, त्याने घोड्याजवळून निघून जाण्याऐवजी त्याला खरारा करावा (ब्रशने अंग घासावे), दोर धरून हिंडवावे, खूर साफ करावेत. नाते जमिनीवरून जुळले तर पुढच्या वेळी वर चढणे फार सोपे जाते.

पुन्हा बसण्याची क्रिया

चढण्यासाठी चौथरा किंवा भक्कम पायरी वापरावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. जमिनीवरून चढताना स्वाराचे सगळे वजन एका रिकिबीवर येते, खोगीर एका बाजूला ओढले जाते आणि मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर व पाठीच्या स्नायूंवर पीळ पडतो. चौथऱ्यावरून चढल्याने घोड्याचा त्रास वाचतो आणि घाबरलेल्या स्वाराला धडपडही करावी लागत नाही.

आधी तंग तपासावा. खोगीर घालताना बरेच घोडे छाती फुगवतात आणि पाच-दहा मिनिटे चालल्यावर तंग दोन-तीन भोकांइतका सैल होतो, म्हणून तो एका दमात करकचून न आवळता टप्प्याटप्प्याने, पुढच्या पायाच्या मागची कातडी चिमटत नाही हे पाहत घट्ट करावा. एक माणूस घोड्याच्या डोक्यापाशी उभा राहावा. शक्य असल्यास त्याने उजव्या बाजूची रिकीब खाली दाबून धरावी, म्हणजे खोगीर फिरत नाही. रिकिबीची लांबी अंदाजाने ठरवायची तर हाताची बोटे पट्ट्याच्या वरच्या टोकाला लावून रिकीब काखेपर्यंत यावी. बारीक फेरबदल बसल्यावर करता येतो.

आता डावीकडे उभे राहून, डाव्या हातात दोन्ही लगाम आणि त्यांच्यासोबत अयाळीचा एक झुबका धरावा. लगामावर भार टाकून चढण्याची सवय वाईट, कारण तो भार थेट घोड्याच्या तोंडावर येतो. अयाळीला धरल्याने त्याला जवळजवळ काहीच त्रास होत नाही. डावे पाऊल चवड्यापर्यंतच रिकिबीत घालावे, आणि बुटाचे टोक घोड्याच्या कुशीत टोचत नाही याची काळजी घ्यावी. उजवा हात खोगीराच्या पलीकडच्या बाजूला ठेवून वर उचलले जावे, क्षणभर दोन्ही पाय सरळ ठेवून थांबावे, मग उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्याला न लागता वरून फिरवावा आणि खोगीरात अलगद टेकावे. धपकन बसणे हा नवख्यांचा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे, आणि घोडा चढतानाच पुढे सरकू लागतो याचे कारणही बहुतेक वेळा तेच असते. पुन्हा बसणाऱ्या स्वाराने एक गोष्ट आणखी करावी: उजवी रिकीब सापडल्यावर लगेच निघू नये. तीन-चार श्वास पूर्ण सोडेपर्यंत घोडा उभा ठेवावा. उभे राहायला तयार असलेला घोडा आणि उभा ठेवू शकणारा स्वार ही पुढच्या सगळ्याची पहिली पायरी आहे.

चालू लागल्यावर नजर घोड्याच्या कानांमधून पुढे, टाचा किंचित खाली, हातांची कोपरे मोकळी. शरीर आवळत आहे असे वाटले तर मोठ्याने आकडे मोजावेत किंवा बोलत राहावे, कारण बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखून धरता येत नाही.

वर्षानुवर्षांच्या खंडानंतर परतणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की कसब डोक्यात टिकते, स्नायूंत टिकत नाही. सुरुवातीचे काही आठवडे वीस ते तीस मिनिटांच्या वर बसू नये, आठवड्यातून दोन-तीन वेळा बसावे, आणि जमल्यास पहिल्या काही बैठका लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर घ्याव्यात, म्हणजे दिशा आणि वेग प्रशिक्षकाच्या हातात राहतात व तुम्हाला केवळ तोलाकडे लक्ष देता येते.

ताजा घोडा म्हणजे नेमका कसला घोडा

आता मदतनीसाच्या कामाकडे वळतो, आणि एका गैरसमजापासून सुरुवात करतो. ताजा घोडा म्हणजे केवळ न थकलेला घोडा नव्हे. चार दिवस बंद राहून भरपूर दाणा खाल्लेला घोडा न थकलेला असतो, पण तो अंगातली रग बाहेर काढायला इतका उतावीळ असतो की दमलेल्या स्वाराला त्याच्यावर बसवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. बदलीचा घोडा विसावा घेतलेला, पाणी प्यालेला, चालून मोकळा केलेला आणि मनाने शांत असला पाहिजे. पडलेल्या स्वाराला द्यायचा असेल तर वयाने प्रौढ, अनेक स्वारांची सवय असलेला आणि वाहनांना, फडफडणाऱ्या कापडाला न बुजणारा घोडा निवडावा. मग तो दिसायला साधा असला किंवा वेगाने कमी असला तरी हरकत नाही.

वजनाचा मेळ बसवणे पुढचे काम. स्वार, खोगीर आणि बरोबरचे सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त भार नसावा, हा सर्वसाधारण नियम आहे. ४५० किलोच्या घोड्यावर म्हणजे ९० किलो, आणि त्यातले दहा-बारा किलो तर खोगीरच घेते. घोडा वयस्कर, सरावात नसलेला किंवा पाठीने कच्चा असेल, अथवा रस्ता चढणीचा असेल, तर ही मर्यादा आणखी खाली आणावी.

प्रत्येक घोड्याला त्याचेच खोगीर, त्याचाच तंग आणि त्याच्याच तोंडाच्या मापाची लगामाची कडी असावी. उतरवलेले खोगीर तसेच घामट अवस्थेत दुसऱ्या घोड्यावर चढवण्याने वेळ वाचतो असे वाटते, पण एकाच्या पाठीला बेतलेले खोगीर दुसऱ्याच्या पाठीला सोलते, आणि गजकर्णासारखे कातडीचे रोग ओल्या पट्ट्यांतून एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातात. नवा घोडा ताफ्यात आणताना त्याला दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून रोज तापमान पाहावे.

आकडे, जे पाठ असावेत

विसाव्यातल्या प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला सुमारे २८ ते ४४ ठोके असते, श्वास ८ ते १६, आणि शरीराचे तापमान सुमारे ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर बोटांनी, किंवा डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून मोजता येते. हिरडीवर अंगठा दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला पाहिजे. प्रत्येक घोड्याचे स्वतःचे नेहमीचे आकडे शांत वेळी घेऊन वहीत लिहून ठेवावेत, कारण ज्याची नाडी एरवी ३० असते त्याच्यात ४४ हा आकडा काहीतरी सांगत असतो.

कामानंतर नाडी किती लवकर उतरते, हाच थकव्याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत पशुवैद्यकीय थांब्यावर ठरावीक वेळात नाडी ६४ ठोक्यांपर्यंत खाली यावी, हा निकष अनेक वर्षे प्रचलित आहे. आपल्या साध्या रपेटीतही दहा-पंधरा मिनिटांच्या विसाव्यानंतर नाडी तिथपर्यंत उतरली नसेल, तर तो घोडा त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नये, मग स्वार कितीही घाईत असो.

किती वेळाने घोडा बदलायचा याला एकच उत्तर नाही, कारण ते वेगावर अवलंबून आहे. पोलोत सुमारे सात मिनिटांच्या एका डावातच घोडा इतका दमतो की पुढच्या डावाला दुसरा घेतात. अमेरिकेत १८६० च्या एप्रिलपासून १८६१ च्या ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या पोनी एक्स्प्रेस या टपालसेवेत वेगाने धावणारे घोडे साधारण १० ते १५ मैलांवर बदलले जात. मंगोलियात २००९ पासून होणाऱ्या सुमारे १,००० किलोमीटरच्या शर्यतीत हा टप्पा साधारण ४० किलोमीटरचा असतो. संथ रपेटीत दोन घोडे जवळ असतील तर दर दोन-तीन तासांनी बदल करावा आणि रिकामा घोडा सोबत दोरीने चालवावा.

अदलाबदल

स्वार पोहोचण्याच्या सुमारे अर्धा तास आधी बदलीच्या घोड्याला खोगीर घालावे, त्याहून फार आधी नाही. एकदा मीच एका घोड्याला पहाटे खोगीर घालून बांधून ठेवले, कारण स्वार कधीही येईल असे वाटत होते. तो दोन तासांनी आला. मधल्या वेळात घोड्याने अंग घुसळले होते, खोगीराखालची घडी सरकून एक सुरकुती पडली होती, आणि पहाटे घट्ट असलेला तंग सैल झाला होता. मी तो पुन्हा पाहिला नाही. स्वाराने रिकिबीत पाय घातला आणि खोगीर त्याच्यासकट घोड्याच्या कुशीवर फिरले. घोडा जागचा हलला नाही म्हणूनच स्वार वाचला. आता बदलीचा घोडा स्वाराच्या हाती देण्याच्या क्षणी मी तंगाखाली बोटे घालून पाहतो, मग तो कितीही नुकताच आवळलेला असो.

घोडा आधी दहा मिनिटे चालवावा आणि थोडा दुडकीत न्यावा, म्हणजे सांधे मोकळे होतात आणि रगही निघून जाते. अदलाबदलीची जागा सपाट, सावलीची आणि रहदारीपासून बाजूला असावी. आलेला आणि जाणारा घोडा एकमेकांना नाक लावू शकतील इतके जवळ उभे करू नयेत, कारण अनोळखी घोडे नाकाला नाक लागताच किंचाळून पुढच्या पायाने झटका मारतात. पण एकमेकांच्या नजरेआडही करू नयेत. घोडा कळपाचा प्राणी आहे आणि एकटा मागे राहिला की अस्वस्थ होतो, म्हणून शक्य असेल तिथे बदलीचे घोडे जोडीने ठेवावेत.

स्वाराचे सामान एका घोड्यावरून दुसऱ्यावर कसे जाईल, याची आधी रंगीत तालीम करावी. पोनी एक्स्प्रेसमध्ये टपालाचे कप्पे खोगीरावर टाकायच्या एका चामडी आच्छादनालाच शिवलेले असत, त्यामुळे आच्छादन उचलून दुसऱ्या खोगीरावर टाकले की काम झाले, आणि दोनेक मिनिटांत स्वार पुढे निघे. आपणही पाण्याची बाटली, नकाशा, औषधे अशा चार ठिकाणी लटकणाऱ्या वस्तूंची एकच पिशवी करावी. स्वाराच्या रिकिबीची लांबी भोकांच्या आकड्यात आधीच लिहून घ्यावी. आणि घोडा देताना त्याच्याविषयी दोन वाक्ये स्पष्ट सांगावीत: "याला डावीकडून ओलांडणारे वाहन आवडत नाही, थांबवताना आवाज द्या, लगाम खेचू नका." अशी माहिती मिळालेला स्वार त्या घोड्यावर अनोळखी राहत नाही.

उतरवलेला घोडा

ताज्या घोड्याला निरोप दिला की सगळ्यांचे लक्ष त्याच्यामागे जाते आणि दमलेला घोडा खांबाला बांधलेला राहतो. हे होऊ देऊ नये. तंग दोन भोके सैल करून त्याला चालवावे, श्वास उतरू लागला की खोगीर काढावे. उष्ण हवेत अंगावर भरपूर गार पाणी सतत ओतत राहावे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकल्याने स्नायू आखडतात, हा समज चुकीचा आहे. पाणी प्यायलाही अडवू नये. कष्टाच्या कामात आणि उष्ण हवेत घोडा तासाला दहा लिटर किंवा त्याहून जास्त घाम गाळू शकतो, आणि त्या घामातून क्षारही मोठ्या प्रमाणात निघून जात असल्यामुळे त्याला गरजेइतकी तहान लागतेच असे नाही. म्हणून साध्या पाण्यासोबत क्षार मिसळलेल्या पाण्याची दुसरी बादली ठेवावी. गवत लगेच द्यावे, दाणा मात्र तो पूर्ण निवून तास-दीड तास झाल्यावर.

दमलेला घोडा पाय आपटू लागला, कुशीकडे वळून वळून पाहू लागला, लोळू लागला किंवा त्याने लीद टाकली नाही, तर तो पोटशूळ असू शकतो. मागचा भाग ताठला, पावले आखूड पडू लागली किंवा लघवी गडद तपकिरी दिसली, तर स्नायूंना इजा झालेली असते आणि अशा घोड्याला चालवून मोकळा करण्याचा प्रयत्न हानिकारक ठरतो. त्याला आहे तिथेच उभा ठेवून पशुवैद्याला बोलवावे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे घरगुती औषधे पाजण्याचा मोह टाळावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दावणीवरची त्याची लीद मोजावी, रात्रीचे गवत संपले आहे का पाहावे, चारही पाय हाताने चाचपून सूज पाहावी, पाठीवरून दाबून हात फिरवावा आणि खोगीराच्या जागी कोरडे राहिलेले किंवा केस उभे राहिलेले डाग शोधावेत. विसाव्याची नाडी घेऊन वहीतल्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहावी. पुढच्या बदलीच्या यादीत त्याच्या नावासमोर "तयार" लिहिण्याआधी त्याला सपाट जमिनीवर दुडकीत पळवावे, आणि एका जरी पावलाविषयी शंका आली तरी ती जागा कोरी ठेवून पुढच्या घोड्याला खरारा करायला घ्यावे.